मुंबई–चिपी हवाई अंतर ३५० किमी, मग वेळापत्रकात सव्वा-दीड तास कसा? आणि आईसाठी मोपा धरावा का?

परुळ्याची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण इथे कोकणातले, रेल्वेतले, विमानतळावर काम केलेले बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारते.

आई परुळ्याला असते. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत झालं आणि ती गावी परतली. आता डॉक्टरांनी तपासणीसाठी पुन्हा मुंबईला बोलावलं आहे. मी डोंबिवलीला राहते. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली आहे, की पाय दुमडून तासाभरापेक्षा जास्त वेळ एका जागी बसू द्यायचं नाही. हायवेने गाडीतून आणायचा विचार मी सोडून दिला आहे.

म्हणून विमानाचं बघायला घेतलं, तर आकड्यांनीच गोंधळ उडाला. अंतर मोजून देणाऱ्या संकेतस्थळांवर मुंबई ते सिंधुदुर्ग (चिपी) ३५० किमी आणि वेळ ५५ मिनिटं दिसते. पण चिपीला मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हाच्या वेळापत्रकात साधारण १ तास २५ मिनिटं लिहिलेली होती. मुंबई ते मोपा (उत्तर गोव्याचा नवा विमानतळ) ३९० किमी, म्हणजे ४० किमी जास्त, तरी तिकिटावर वेळ तितकीच, कधी कमीसुद्धा. दाबोळी (गोव्याचा जुना विमानतळ) ४२५ किमी, तिथेही तोच आकडा.

मग नेमका कोणता आकडा धरायचा? आई विमानात किती वेळ बसलेली असेल आणि परुळ्याच्या दारातून डोंबिवलीच्या दारापर्यंत एकूण किती वेळ जाईल, हे मला आधी नीट समजून घ्यायचं आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

टॉवरवाला

ताई, हवाई वाहतूक नियंत्रणात नोकरी झाली आहे, त्यामुळे हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. आधी अंतराचं सांगतो, वेळेचं पुढच्या प्रतिसादात.

संकेतस्थळ जे ३५० किमी दाखवतं ते पृथ्वीच्या गोलावरचं दोन बिंदूंमधलं सर्वांत जवळचं अंतर. ते तुम्ही घरी कागदावरही काढू शकता, आणि एकदा काढून बघाच, म्हणजे त्या आकड्यात काय आहे आणि काय नाही ते लक्षात राहील.

मुंबई विमानतळ साधारण १९ अंश ५ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. चिपी जवळजवळ बरोबर १६ अंशावर. फरक ३ अंश ५ मिनिटं, म्हणजे १८५ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल. आपले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या याच मापाने अंतर मोजत आले आणि विमानंही तेच माप वापरतात. तर दक्षिणेकडे १८५ नॉटिकल मैल.

आता रेखांश. मुंबई ७२ अंश ५२ मिनिटं, चिपी ७३ अंश ३२ मिनिटं. फरक ४० मिनिटं. पण रेखांश ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या भागात एका मिनिटाचं अंतर एका मैलापेक्षा थोडं कमी भरतं, ०.९५ च्या आसपास. म्हणजे पूर्वेकडे ३८ मैल. आता शाळेतला पायथागोरस: १८५ चा वर्ग अधिक ३८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १८९. एक नॉटिकल मैल १.८५२ किमीचा. १८९ गुणिले १.८५२ बरोबर ३५०.

याच रीतीने मोपाचं सुमारे ३९० आणि दाबोळीचं सुमारे ४२५ येतं. एवढ्या छोट्या अंतराला पायथागोरस चालतो. लंडन, न्यूयॉर्कसारख्या अंतराला पृथ्वीचा गोलवा धरून गणित करावं लागतं.

या गणितात धावपट्टीची दिशा नाही, वारा नाही, विमानांची रांग नाही. एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूपर्यंत ताणलेली दोरी, इतकंच.

टॉवरवाला

आता वेळ.

बहुतेक मोजणी संकेतस्थळं ताशी ८०० किमीच्या आसपासचा जेटचा वेग धरतात आणि चढण्या-उतरण्याचे म्हणून अर्धा तास वर टाकतात. ३५० किमीला २६ मिनिटं, अधिक ३०, झाली ५६. तुम्हाला दिसलेली ५५ मिनिटं तिथून आली असणार. पण चिपीला मुंबईहून जे विमान लावलं होतं ते एटीआर ७२, पंख्याचं. त्याचा वरचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. मोपाला येतात ती बहुतेक जेट. त्यामुळे ४० किमी जास्त असूनही वेळ तेवढीच लागते.

दुसरं कारण मोठं आहे. वेळापत्रकातली वेळ हवेतली नसते. विमानाच्या चाकाखालची अडण काढून ते जागेवरून हलतं तिथपासून, उतरून दुसऱ्या जागी उभं राहतं आणि पुन्हा अडण लागते तिथपर्यंत सगळा वेळ त्यात धरलेला असतो. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर गर्दीच्या तासाला चाळीसच्या वर विमानं चढतात-उतरतात. जागेवरून निघून, रांगेत थांबून, चाकं जमीन सोडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली तर ते रोजचंच समजा.

आणि आईला घेऊन तुम्ही उलट दिशेने येणार आहात, दक्षिणेकडून मुंबईला. मुंबईत बहुतेक दिवस पश्चिमेकडे तोंड करून विमानं उतरतात, कारण वारा समुद्राकडून येतो आणि विमान वाऱ्याला सामोरं उतरवतात. म्हणजे दक्षिणेकडून आलेल्या विमानाला आधी पूर्वेकडे जाऊन, वळसा घेऊन, घाटकोपरच्या बाजूने पट्टीवर यावं लागतं. हा वळसा त्या ३५० मध्ये नाही. गर्दी असेल तर वर घिरट्या घालायला लावतात. घिरटीचा एक फेरा साधारण चार मिनिटांचा. दोन-तीन फेरे झाले की दहा-बारा मिनिटं गेली.

विमान कंपन्या हे सगळं गृहीत धरूनच वेळ छापतात. म्हणून मुंबई–गोवा हवेत पाऊण तास ते पन्नास मिनिटं, आणि तिकिटावर सव्वा तास.

नवखा_प्रवासी

टॉवरवाले काका, फार छान समजावलंत. एक शंका. वाऱ्यामुळे जाण्या-येण्याच्या वेळेत फरक पडतो असं वाचलं होतं. मुंबई–गोव्याला पडतो का?

टॉवरवाला

फार नाही. वरचा जोरदार वारा आपल्याकडे मुख्यतः पूर्व-पश्चिम वाहतो आणि हा मार्ग उत्तर-दक्षिण. वारा बाजूने लागतो. शिवाय इतक्या छोट्या टप्प्यात विमान फार वर चढतही नाही. खरा फरक मुंबई–लंडनला दिसतो. अंतर ७,२०० किमीच्या आसपास. जाताना पश्चिमेकडून येणारा वारा समोरून लागतो, येताना पाठीमागून. हिवाळ्यात येताना तासभर सहज वाचतो. तिथे मार्गसुद्धा दोरीसारखा सरळ नसतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली तेव्हा युरोपला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. नकाशावरचं अंतर तेच राहिलं, प्रवास वाढला.

आखातवासी

विषय निघालाच आहे तर रत्नागिरी, राजापूर, खेडकडच्या आमच्या लोकांसाठी एक सांगतो. पहिल्यांदा आखातात जाणाऱ्यांचे घरचे तिकीट बघून वेळ चुकीची मोजतात. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची वेळ तिथली. दुबई आणि मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत, दोहा, बहरीन, सौदी अडीच तास मागे. समजा मुंबईहून रात्री १० ला निघालं आणि दुबईला ११:४५ ला पोचलं असं लिहिलंय, तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही, सव्वातीन तासांचा आहे. येताना उलट. घरात लहान मुलं, साखरेचे पेशंट असतील तर औषधाच्या वेळा यावरून ठरवायच्या असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ताईंच्या प्रश्नाला हे लागू नाही, पण धागा पुढे कुणी वाचला तर उपयोगी पडेल.

कर्लीकाठ

टॉवरवाल्यांनी आकाशातलं सांगितलं, मी खालचं सांगतो. रस्त्याने मुंबई ते कुडाळ पाचशे किमीच्या जवळपास जातं आणि विमानाने ३५०. दीडशे किमी कुठे वाढतात ते विमानाच्या खिडकीतून बघितल्यावर कळतं.

मुंबईहून दक्षिणेला येताना डावीकडची खिडकी मिळाली आणि आकाश मोकळं असलं तर किनारा दिसायची शक्यता चांगली असते. एटीआर असेल तर आणखी बरं, त्याचे पंख वर असतात, खालचं काही झाकलं जात नाही. रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते. मग राजपुरीची खाडी, तिच्या तोंडाशी जंजिरा. मग बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्याची खाडी, पुढे पूर्णगडला मुचकुंदी, मग जैतापूर, मग विजयदुर्गाला वाघोटन. देवगड, आचरा, मालवण आणि मग आमची कर्ली. तिच्या दक्षिणेच्या सड्यावर चिपीची पट्टी, तांबड्या जांभ्यात आखलेली अडीच किलोमीटरची सरळ रेघ.

या प्रत्येक खाडीने किनाऱ्याचा रस्ता तोडलेला आहे. कुठे पूल झाले, कुठे अजून जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी घालावी लागते: आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडले, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. म्हणून मुख्य हायवे किनारा सोडून आत, सह्याद्रीच्या पायथ्याजवळून गेला, घाट चढत-उतरत. पूर्वीची माणसं भाऊच्या धक्क्यावरून बोटीने विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला यायची ती काही हौस म्हणून नाही, खाड्यांच्या मुलखात समुद्राचीच वाट सरळ होती. विमान जवळजवळ त्याच वाटेने येतं.

गजालीवाली_वयनी

बाय, आमच्या पडवेत बसान चिपीचा विमान उतारताना दिसता. ९ ऑक्टोबर २०२१ क पयला विमान इला तेव्हा अख्खो गाव बगूक गेल्लो. घरातली म्हातारी माणसा सुद्दा. आता मुंबयक जावचा म्हटला तर परत रातराणी नायतर कुडाळाक जावन गाडी. ३५० काय नि ३९० काय, विमान आसला तर त्या मोजणीचो उपेग. चिपी–मुंबय रोजचा विमान व्हया म्हणजे व्हयाच, ह्या मी अगदी मनापासून सांगतंय. आजारी माणसाक किती आधार होतलो तो घरात आजारी माणूस आसलेल्याकच कळता.

तुज्या आवशीक बरा वाटांदे.

परुळ्याची_लेक

वयनी, तुमचं अक्षरन्‌अक्षर पटलं. आमच्या घरापासून चिपी गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. आई पडवीत उभी राहून विमान दाखवायची.

टॉवरवाले काका, कर्लीकाठ, आता चित्र स्पष्ट झालं. म्हणजे ५५ मिनिटांवर विसंबायचं नाही, तिकिटावरची वेळ धरायची. पण मग दारापासून दारापर्यंत विमान खरंच वाचवतं का? रेल्वेचं कुणी सांगेल का?

रुळांवरून

मी सांगतो. तुमच्यासाठी विचारात घेण्यासारखी गाडी म्हणजे वंदे भारत. वंदे भारत २७ जून २०२३ ला सुरू झाली. तिला कुडाळला थांबा नाही, कणकवलीला आहे. मडगावहून दुपारी निघते, कणकवलीला सव्वाचारच्या सुमारास येते आणि रात्री साडेनऊच्या आसपास ठाण्याला सोडते. म्हणजे गाडीतला वेळ सव्वापाच तास. परुळे ते कणकवली रस्त्याने सव्वा ते दीड तास, स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा, ठाण्याहून डोंबिवली घरापर्यंत तास. एकूण आठ-साडेआठ तास.

पण हे कोरड्या हंगामाचं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं. दरडी, माती खचणं, पाणी यांमुळे गाड्या मुद्दाम हळू चालवतात, मुसळधार पावसात तर ताशी ४० च्या मर्यादेत. त्या दिवसांत वंदे भारतचे आठवड्यातले दिवसही कमी होतात आणि वेळ बराच वाढतो. तपासणी जून ते ऑक्टोबरमध्ये असेल तर आधी ते वेळापत्रक बघा.

रेल्वेची जमेची बाजू अशी, की आईंना उठून चालता येतं. दर तासाला डब्यात एक फेरी मारली तर डॉक्टरांची अट सांभाळली जाते.

चाकरमानी_ठाणेकर

मी वडिलांना मोपावरून आणतो-नेतो, हृदयाचे पेशंट आहेत. त्यामुळे हे गणित बऱ्याचदा मांडलंय. परुळ्याहून मोपाला गाडीने दीड तास धरा. वेंगुर्ला–शिरोडा–आरोंदा करून किरणपाणीच्या पुलावरून पेडण्याच्या बाजूला उतरता येतं, किंवा हायवे धरून बांदा–पत्रादेवीवरून. आजारी माणूस बरोबर असेल तर मी हायवे सुचवेन, रस्ता रुंद आहे, हिसके कमी बसतात. विमानतळावर दीड ते दोन तास आधी. काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, हे विसरू नका. मग विमानात सव्वा तास. मुंबईत उतरून सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास. अंधेरीहून डोंबिवली दीड तास, संध्याकाळ असेल तर दोन.

बेरीज सात तासांच्या आसपास येते. वंदे भारतपेक्षा तास-दीड तास कमी, बस. विमानाने पोटभर वेळ वाचतो ही समजूत मुंबई–कोकणाला लागू पडत नाही.

तरी मी विमानच निवडतो. का, तर त्या सात तासांचे तुकडे पडतात. दीड तास गाडी, मग उठणं, चालणं किंवा व्हीलचेअर, मग सव्वा तास विमान, मग पुन्हा उठणं. सलग बसण्याचा सगळ्यांत मोठा तुकडा दीड-दोन तासांचा, आणि तो आपल्या ताब्यातल्या गाडीत. तिथे हवं तेव्हा थांबता येतं. रेल्वेत सव्वापाच तास गाडी चालू असते. हलत्या डब्यात गुडघ्याच्या पेशंटला फेऱ्या मारायला लावणं मला तरी धोक्याचं वाटतं.

रुळांवरून

हलत्या डब्याचा तुमचा मुद्दा मान्य. घाटाच्या वळणांवर तोल जातो. त्यात अलीकडेच ऑपरेशन झालेला गुडघा.

सड्यावरचा

नवी मुंबई विमानतळाचाही विचार करा. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुरू झाली. डोंबिवलीला ते अंधेरीपेक्षा सोयीचं पडू शकतं आणि मोपापासून हवाई अंतरही थोडं कमी, ३७० किमीच्या आसपास. तुमच्या तारखेला मोपा–नवी मुंबई विमान आहे का ते तपासा. हवाई अंतरातले वीस किमी क्षुल्लक, पण उतरल्यावरचा शहरातला प्रवास अर्धा तास वाचला तर आईंना त्याचाच जास्त आराम.

दाबोळी मात्र तुमच्या बाजूने लांब पडेल. मोपा आणि दाबोळी सरळ रेषेत चाळीस किमी, पण रस्त्याने मांडवी आणि जुवारी दोन्ही ओलांडून जायचं. शिवाय दाबोळी नौदलाचा तळ आहे, आठवड्याच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात.

नवखा_प्रवासी

चिपी ते मोपा हवाई अंतर किती असेल? म्हणजे दोन विमानतळ इतके जवळ का बांधले हा प्रश्न पडतो.

टॉवरवाला

सरळ रेषेत ४५ किमीच्या आसपास. का बांधले याचं उत्तर दोन राज्यं, दोन वेगळे आराखडे, वेगवेगळी वर्षं. मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. धावपट्टी साडेतीन किलोमीटरची, मोठ्या विमानांनाही पुरणारी. चिपीची अडीच किलोमीटरची. मोपा सुरू झाल्यावर सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडचा प्रवासी साहजिकच तिकडे वळला.

पण वयनी म्हणतात ते मी कामाच्या अनुभवावरून ठामपणे मांडतो. चिपी बिनकामाचं आहे असं जे म्हणतात ते फक्त ४५ किमी बघतात. परुळे, वेंगुर्ला, मालवण, कुडाळच्या माणसाला मोपाला जाणं म्हणजे रस्त्याचा दीड-दोन तास आणि राज्याची हद्द. या ताईंच्या आईंचंच बघा. चिपीहून रोज मुंबईला विमान असतं तर सात तासांचे पावणेसहा झाले असते, आणि सगळ्यांत त्रासाचा दीड तासाचा गाडीचा टप्पा पंधरा मिनिटांवर आला असता. छोट्या ठिकाणांचं विमान सरकारच्या उडान योजनेच्या आधारावर चालतं आणि तो आधार तीन वर्षांचा असतो. ती मुदत संपताना प्रवासी पुरेसे नसतील तर सेवा डगमगते. आणि विमान नियमित नसेल तर प्रवासी वाढत नाहीत, कारण ज्याला डॉक्टरची वेळ गाठायची आहे तो अनिश्चित विमानावर अवलंबून राहत नाही. हे चक्र तोडायचं तर काही वर्षं रोज, ठरल्या वेळी विमान उडत राहणं हाच उपाय आहे.

परुळ्याची_लेक

काका, हे तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत की मी भावाला तसंच्या तसं वाचून दाखवलं. मागे एकदा आम्ही चिपीचं तिकीट काढलं होतं आणि आदल्या संध्याकाळी विमान रद्द झाल्याचा निरोप आला. आईची तपासणी पुढे ढकलावी लागली. ऐनवेळी पर्याय म्हणून काही मिळालं नाही.

मोपा ठरवतेय. पावसाळ्याआधीच नेऊ. अजून एक विचारायचं होतं: विमानात शिरणं, सुरक्षा तपासणी, जागा, यात गुडघ्याच्या दृष्टीने काय सांभाळायचं?

गजालीवाली_वयनी

पावसाच्या आदी न्हेतस ता बरा. पावसात ढग खाली उतारले काय विमान उतराक मेळणा नाय, मगे दुसरीकडे न्हेवन सोडतत. म्हाताऱ्या माणसाचे हाल.

चाकरमानी_ठाणेकर

माझ्या बहिणीने सासूबाईंना असंच आणलं होतं, त्यावरून सांगतो.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान दोन दिवस आधी तरी कळवा. गेटवर ऐनवेळी मागितली तर मिळते, पण थांबावं लागतं. मोपाला आणि मुंबईला जेट असेल तर बहुधा विमानाच्या दाराला थेट पूल (एरोब्रिज) लागतो, पायऱ्या नाहीत. पण कधी कधी बसने नेऊन शिडीने चढवतात, म्हणून 'पायऱ्या चढता येत नाहीत' हे आरक्षणात स्पष्ट नोंदवा. तशी नोंद असेल तर उचलून चढवणारी गाडी आणतात. नुसतं व्हीलचेअर म्हटलं तर शिडीपर्यंतच सोडतील.

जागा: उजवा गुडघा आहे ना? मग डाव्या बाजूच्या तीन आसनांपैकी मधल्या वाटेकडची, म्हणजे सी. तिथे बसल्यावर उजवा पाय वाटेच्या बाजूला येतो आणि मध्ये मध्ये सरळ करता येतो. डावा गुडघा असता तर डी घ्यायची. खाण्याची गाडी फिरत असताना मात्र पाय आत घ्यायला सांगा. आपत्कालीन दरवाजाजवळची ऐसपैस रांग मागू नका, पेशंटला ती देत नाहीत. सगळ्यांत पुढची रांग थोडे पैसे जास्त देऊन मिळते, पण समोर भिंत असते, पाय पुढे सरकवता येत नाही. तिकीट काढताना आसनांचा नकाशा नीट बघा.

गुडघ्यात धातू असेल तर सुरक्षा चौकटीत आवाज होतो. घाबरायचं काही नाही, बाजूला घेऊन हाताने तपासतात, बायकांसाठी पडद्याआड बाई कर्मचारी असते. डॉक्टरांचं एका ओळीचं पत्र जवळ ठेवा, बोलणं सोपं जातं. आणि विमानात बसल्या बसल्या पावलं घोट्यातून वर-खाली हलवत राहायला सांगा.

परुळ्याची_लेक

डावीकडे सी. लिहून ठेवलं. परतीला दिशा उलटी होते, तेव्हाही सीच ना?

चाकरमानी_ठाणेकर

हो, सीच. विमान कुठल्याही दिशेला चाललं तरी आसनं पुढेच तोंड करून असतात. खिडकीतून किनारा कुठल्या बाजूला दिसेल ते फक्त बदलतं.

कर्लीकाठ

मोपाला सोडायला भाड्याची गाडी करणार असाल तर कुडाळ-वेंगुर्ल्याचा ओळखीचा माणूस आधीच ठरवून ठेवा, आणि परतीच्या दिवशी तोच न्यायला येईल हेही बोलून घ्या. हद्दीपलीकडे उतरून ऐनवेळी गाडी शोधत बसायला लागू नये. पुढच्या सीटवर आईंना बसवा, सीट पूर्ण मागे सरकवून. तिथेच पाय सगळ्यांत मोकळा राहतो.